पाडव्याची गाडी आणि एकोणीस दिवसांची जागरणं

पत्र: ताई, मी एकतीस वर्षांचा, मूळचा सांगलीचा. चार वर्षांपासून न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. एच-वन-बी व्हिसावर आहे. ऑफिस प्रिन्स्टनजवळ, घरापासून बावीस मैल, आठवड्यातून चार दिवस जावं लागतं. बायकोला सातवा महिना आहे. जुनी गाडी सारखी बंद पडत होती आणि पाडवा तोंडावर आला होता. आदल्या शनिवारी "नुसतं बघून येऊ" म्हणून गेलो आणि रात्री साडेआठला नवी एसयूव्ही लीजवर घेऊन बाहेर पडलो. छत्तीस महिने, महिना ५५२ डॉलर, वर्षाला १०,००० मैलांची मर्यादा, वर सुरुवातीलाच ३,००० डॉलर डाऊन. बायको म्हणत होती, दोन दिवस थांबू, कुणाला तरी विचारू. मी तिला सेल्समनसमोरच गप्प केलं. चार दिवसांनी ऑफिसातल्या मित्रानं त्याचा करार दाखवला. हेच मॉडेल, तितकंच डाऊन आणि हप्ता ४४६. तेव्हापासून धड झोप नाही. लीज म्हणजे नेमकं काय, हे मी सही केल्यावर वाचलं: मुदतभर पैसे भरून वापरायची आणि शेवटी परत द्यायची. गाडीची पूजा केली, नारळ फोडला, बाबांनी सांगलीत कॉलनीभर पेढे वाटले. गाडी आपली नाहीच, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. आज एकोणीस दिवस झाले. गाडी परत करता येईल का? मला फसवलंय का? आणि घरी काय सांगू? दोन्ही करारांतले आकडे सोबत लिहून पाठवतोय.

उत्तर: तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे त्या आशेवर आणखी रात्री जाणार नाहीत. गाडी परत करता येणार नाही. "तीन दिवसांत परत करता येते" असं आपल्या लोकांत छातीठोकपणे सांगितलं जातं. तसा एक फेडरल नियम आहे खरा, पण तो दारावर आलेल्या विक्रेत्यासाठी किंवा हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवस मांडलेल्या विक्रीसाठी. डीलरच्या शोरूममध्ये बसून सही केलेल्या गाडीला तो लागू नाही, आणि न्यू जर्सीचाही तसा वेगळा कायदा नाही.

मुदतीआधी लीज मोडता येते, पण त्याची किंमत करारावरच छापलेली असते. तुमच्याही कागदावर ते वाक्य सापडेल: लीज लवकर संपवल्यास मोठा आकार लागू शकतो, तो काही हजार डॉलरांपर्यंत जाऊ शकतो, आणि जितकी लवकर संपवाल तितका तो जास्त असण्याची शक्यता. कारण उघड आहे. नवी गाडी पहिल्या महिन्यांत सर्वांत जास्त उतरते आणि तुमचा तर एकच हप्ता गेलाय. आज मोडायला गेलात तर मित्रापेक्षा जे जास्त भरताय, त्याहून कितीतरी जास्त एका दिवसात भराल. म्हणून ही वाट सोडा.

आता दुसरा प्रश्न. तुम्ही आकडे नीट उतरवून पाठवलेत, त्याचं मला फार बरं वाटलं. आपण तुमचा करार एकदा शेवटपर्यंत वाचू. बायकोलाही शेजारी बसवा. हे तिलाही कळायला हवं.

गाडीवर चिकटवलेली किंमत ३८,००० डॉलर. तुम्हाला लावलेली ३७,२००. त्यात टायर आणि व्हीलच्या संरक्षणाचा प्लॅन ८०० आणि लीज कंपनीची अक्विझिशन फी, म्हणजे लीज सुरू करून देण्याचा आकार, ६९५, असे ३८,६९५ झाले. तुमचे ३,००० डाऊन वजा जाता ३५,६९५. तीन वर्षांनी गाडीची किंमत किती धरायची हे लीज कंपनीनं आधीच ठरवलंय, त्याला रेसिड्युअल म्हणतात. चिकटवलेल्या किमतीच्या ५८ टक्के, म्हणजे २२,०४०. या दोन आकड्यांतला फरक १३,६५५. गाडी तीन वर्षांत जेवढी उतरणार, तेवढं तुम्ही भरताय, महिन्याला ३७९ डॉलर. तुमचा हप्ता मात्र ५५२ आहे. मग वरचे १७३ कसले? ते व्याज. करारात त्याला 'रेंट चार्ज' म्हटलंय आणि छत्तीस महिन्यांचा एकूण आकडा ६,२३५ दिलाय.

व्याजाचा दर मात्र कागदावर कुठे सापडणार नाही. १९७६ च्या कन्झ्युमर लीजिंग कायद्यानं आणि त्याखालच्या रेग्युलेशन एमनं कंपन्यांना बाकीचं बरंच ठळक छापायला लावलं: एकूण किती भरणार, कशाचे किती, जादा मैलांचा दर, लवकर मोडण्याचा इशारा. व्याजाचा दर सांगण्याची सक्ती त्यात नाही. तो आपल्याला काढावा लागतो आणि पाच मिनिटांत निघतो. ६,२३५ ला छत्तीसनं भागलं की १७३ येतात. ३५,६९५ आणि २२,०४० यांची बेरीज ५७,७३५. १७३ ला या बेरजेनं भागा. ०.००३ येईल. डीलरच्या भाषेत हा मनी फॅक्टर. त्याला २,४०० नं गुणा, ७.२ टक्के. (२,४०० कुठून आले, तर व्याज सुरुवातीच्या आणि शेवटच्या रकमेच्या सरासरीवर असतं. सरासरीसाठीचे दोन, वर्षाचे बारा महिने आणि टक्क्यांसाठी शंभर, यांचा गुणाकार.) सेल्समन तुम्हाला ०.००३ असा आकडा सांगतो तेव्हा तो नगण्य वाटतो. ७.२ टक्के म्हटलं की माणूस थांबून विचार करतो.

आता मित्राचा करार घ्या. त्याला लावलेली किंमत ३६,०००. टायरचा प्लॅन नाही. फी, डाऊन, रेसिड्युअल तेच. रेंट चार्ज ४,४१४. याच रीतीनं त्याचा दर निघतो जेमतेम ५.३ टक्के. तीन वर्षांत तुम्ही त्याच्यापेक्षा ३,८२१ डॉलर जास्त भरणार. त्यातले १,२०० किमतीत घासाघीस न केल्याचे, ८०० टायरच्या प्लॅनचे आणि १,८२१ व्याजाचे.

याला मी फसवणूक म्हणणार नाही. चिकटवलेल्या किमतीच्या आसपास गाडी विकणं हा गुन्हा नाही. लीज कंपनी तुमच्या क्रेडिटप्रमाणे, म्हणजे कर्जफेडीच्या आजवरच्या नोंदीप्रमाणे, एक मूळ दर ठरवते आणि डीलरला त्यावर आपला काही भाग चढवता येतो, तेही कायद्यात बसतं. शिवाय तुमच्या आणि मित्राच्या दरांतला सगळाच फरक डीलरनं चढवलेला असेल असंही नाही. त्याचं क्रेडिट तुमच्याहून जुनं असेल, त्या महिन्यात कंपनीची काही सवलत असेल. मात्र एक गोष्ट तपासा. टायरचा प्लॅन "बँकेला लागतोच" किंवा "यातच येतो" असं सांगून तुमच्या गळ्यात घातला होता का? तोंडी सांगितलेली किंमत आणि कागदावरची किंमत एकच आहे ना? इथे तफावत निघाली, तर तो वेगळा मामला आहे. मग डीलरला लेखी कळवा आणि दाद मिळाली नाही तर न्यू जर्सीच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडे तक्रार करा.

तुम्ही त्या संध्याकाळी का वाहून गेलात, हे मला कळतं. गावाकडे गाडी घ्यायची म्हणजे दोन महिने घरात दुसरा विषय नसतो. ओळखीचा मेकॅनिक, गाडी घेतलेला मामेभाऊ, बुकिंग, नंबर, मुहूर्त. चौकशी आपोआप होते, कारण सगळं घर चौकशीला लागलेलं असतं. इथे तुम्ही दोघंच होता. त्यात न्यू जर्सीत रविवारी मोटारविक्री बंद. शनिवारी घेतली नाही तर रजा टाकून यावं लागेल, ही घाई तुमच्या मनातही होती आणि समोरच्याला ती पक्की माहीत होती. तीन तास बसल्यावर, बायको सातव्या महिन्याची आणि उपाशी, अशा वेळी फायनान्सच्या खोलीत कागदांचा गठ्ठा पुढे येतो. तिथे "महिन्याला किती" याशिवाय काही विचारायचं सुचत नाही. आम्ही नव्वदच्या दशकात इथे आलो तेव्हा मीही तेवढंच विचारून सही केली होती. ती बोच बरीच वर्षं राहिली, म्हणून तुमचं पत्र वाचून मी लगेच उत्तराला बसले.

पण जी चौकशी आधी राहिली, ती आजही करता येते, आणि तिनं आजही पैसे वाचतात. सगळे नाही, पण बरेच.

सुरुवात टायरच्या प्लॅनपासून करा, आणि उद्याच करा. असे जोडप्लॅन बहुधा रद्द करता येतात. बऱ्याच करारांत पहिल्या तीस किंवा साठ दिवसांत, काही वापरलं नसेल तर, पूर्ण पैसे परत मिळण्याची सोय असते. त्यानंतर उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात मिळतात. तुमचे एकोणीस दिवस झालेत, म्हणजे वेळ हातात आहे. प्लॅनचा कागद वेगळा असतो, तो शोधा आणि त्यावर रद्द करायची रीत वाचा. डीलरच्या फायनान्स मॅनेजरला ईमेल करा आणि त्याची प्रत प्लॅनच्या कंपनीला पाठवा. फोनवर "करतो" म्हणाले तरी ईमेल हवाच. पैसे तुमच्या हातात येतील की लीज कंपनीकडे जमा होतील, हेही विचारा. लीज कंपनीकडे गेले तर हप्ता लगेच कमी होईलच असं नाही, म्हणून ते कुठे मांडले जाणार याचं लेखी उत्तर घ्या. व्याज धरून हे आठशे तुम्हाला तीन वर्षांत ८८६ डॉलरना पडणार होते.

गॅपचं कलमही बघून घ्या. अपघातात गाडी पूर्ण गेली तर विमा कंपनी बाजारभावानं पैसे देते आणि लीजची बाकी त्याहून जास्त असू शकते. मधली दरी भरून काढतं ते गॅप. पुष्कळ लीजमध्ये ते आधीच घातलेलं असतं. तुमच्यात असेल तर विमा एजंटकडून पुन्हा घेऊ नका, नसेल तर मात्र घ्याच. तुमचे डाऊनचे ३,००० मात्र गॅप असलं तरी परत मिळत नाहीत. म्हणून मी सगळ्यांना सांगते, लीजवर डाऊन देऊ नका. हप्ता जरा मोठा दिसला तरी चालेल. न्यू जर्सीत मोठ्या मुदतीच्या लीजवरचा ६.६२५ टक्के विक्रीकरही सुरुवातीलाच धरला जातो, तोही आता गेलेला पैसा आहे. त्याचा विचार करत बसू नका.

मैलांकडे मात्र लक्ष द्या. मला हप्त्यापेक्षा याची जास्त काळजी वाटते. ऑफिसचे रोजचे ४४ मैल, आठवड्याचे चार दिवस, सुट्ट्या वगळून ४८ आठवडे धरले तर ८,४४८ झाले. ओक ट्री रोडचा बाजार, ब्रिजवॉटरचं देऊळ, मंडळाचे कार्यक्रम, मित्रांकडची जेवणं, असे आठवड्याला ८० धरले तर आणखी चार हजार. वर्षाला साडेबारा हजार सहज. तुमची मर्यादा १०,००० ची आहे आणि जादा मैलाला २० सेंट. तीन वर्षांत साधारण १,५०० डॉलर, आणि ते गाडी परत देताना एकदम मागतील. यात बाळंतपणाला आलेल्या आईवडिलांना नायगारा दाखवायला नेणं धरलेलंच नाही. जाऊन-येऊन आठशे मैल ते आहेत.

लीज कंपनीला, म्हणजे डीलरला नव्हे, ज्यांना हप्ता जातो त्यांना, फोन करून विचारा की आता मैल वाढवून घेता येतील का आणि काय दरानं. सुरुवातीला विकत घेतलेले मैल सहसा शेवटच्या दंडापेक्षा स्वस्त असतात. काही कंपन्या मध्येही देतात, काही देत नाहीत. त्यांनी नाही म्हटलं तर तुमच्याच बिल्डिंगमधून प्रिन्स्टनकडे जाणारं कुणीतरी शोधा. एडिसनमध्ये असा माणूस सापडला नाही तर मला आश्चर्य वाटेल. आठवड्यातून एक दिवस त्याच्या गाडीतून गेलात तर वर्षाला २,११२ मैल वाचतात, म्हणजे तुमची जवळजवळ सगळी तूट भरून निघते. त्याबरोबर दर महिन्याच्या एक तारखेला ओडोमीटरचा आकडा फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहायचा. महिन्याला ८३३ च्या पुढे गेला की दोघांनाही दिसेल.

आता जरा जड विषय. तुम्ही एच-वन-बीवर आहात. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. देश सोडावा लागला तरी लीजचे राहिलेले हप्ते कुणी माफ करत नाही. असं होईल असं मी म्हणत नाही, पण बाळ घरात येतंय, तेव्हा तो कागद आजच वाचलेला असावा. लीज दुसऱ्याच्या नावावर करता येते का, त्याची फी किती, आणि नावावर करून दिल्यावरही तुमची जबाबदारी उरते का, हे तीन प्रश्न त्याच फोनवर विचारून उत्तर ईमेलनं मागवा. काही कंपन्या हस्तांतर करू देतात, काही नाही. आणि गाडी दुसऱ्या डीलरला विकायलाही अलीकडे बऱ्याच कंपन्यांनी बंदी घातली आहे, तेही विचारून ठेवा.

साधारण दीड-दोन वर्षांनी तुम्हाला डीलरचा गोड फोन येईल: "तुमची लीज आम्ही लवकर सोडवतो, या, नवी गाडी घेऊन जा." तेव्हा कितीही मोह झाला तरी जुन्या गाडीची बाकी नव्या हप्त्यात मिसळली जाते आहे का, हे आधी बघा. बहुतेक वेळा ती तशीच मिसळलेली असते आणि तीन वर्षांचं ओझं सहा वर्षांचं होतं. हप्ते भरत राहा, आणि शेवटच्या तीन महिन्यांत मात्र जागे राहा. करारात २२,०४० ला गाडी विकत घ्यायचा हक्क दिलेला असेल, त्या कलमातली फी वाचून ठेवा. त्या वेळी बाजारात गाडीला त्याहून जास्त भाव असेल तर ती घेण्यात शहाणपण आहे. २०२१ आणि २०२२ मध्ये चिपच्या टंचाईनं जुन्या गाड्यांचे भाव इतके चढले की लीज संपणाऱ्या कित्येकांच्या हातात रेसिड्युअलपेक्षा बऱ्याच जास्त किमतीची गाडी होती, आणि ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांनी ती तशीच परत देऊन टाकली. भाव कमी असेल तर परत द्या, पण त्याआधी कंपनीच्या माणसाकडून तपासणी करून घ्या आणि ओरखडे-पोचे बाहेर स्वस्तात दुरुस्त होतात का बघा.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. माझ्या मते तुमची झोप त्यानंच उडवली आहे, मित्रापेक्षा महिन्याला जास्त जाणाऱ्या १०६ डॉलरांनी नाही.

बायकोची माफी मागा, पण गाडीसाठी नको. गाडी तुम्हाला हवीच होती, बाळाला दवाखान्यातून घरी आणायलाही लागेल. ती "दोन दिवस थांबू" म्हणत असताना तुम्ही तिला परक्या माणसासमोर गप्प केलंत, त्याची माफी मागा. या शब्दांत मागा, "हप्ता जास्त पडला, सॉरी" असं नको. आणि लीज कंपनीला फोन करायचं काम तिला हवं असेल तर तिला करू द्या. थांबायचं त्या दिवशी तिला सुचलं होतं.

बाबांना सांगायला तुम्ही घाबरताय ते "भाड्याची गाडी" या शब्दाला. मी त्यांना ओळखत नाही, पण मुलानं गाडी घेतली म्हणून कॉलनीभर पेढे वाटणारा माणूस हे ऐकून मुलाला टाकून बोलेल असं मला वाटत नाही. त्यांना आकड्यांत सांगा, कारण त्या पिढीला आकडे कळतात: तीन वर्षं वापरायची, वापराचे इतके पैसे, शेवटी हवी तर २२,०४० ला आपली करायची. मी घाईत जास्त भाव दिला, असंही सांगा. ते दोन वाक्यं बोलतील. ती ऐकून घ्या.

आणि पूजेचं मनाला लावून घेऊ नका. दसऱ्याला सांगलीच्या एसटी स्टँडवर तुम्ही लहानपणापासून पाहिलं असेल. ड्रायव्हर आपल्या बसला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, पुढे नारळ फोडतो. ती बस त्याच्या नावावर नसते, महामंडळाच्या नावावर असते. तरी पूजा त्याचीच असते, कारण रोज माणसं सुखरूप न्यायची-आणायची जबाबदारी त्याच्या हातात असते. तुमच्या गाडीत दोन महिन्यांनी बाळाची सीट बसणार आहे. नारळ बरोबर जागी फुटलाय.

आईबाबा बाळंतपणाला येतील, तेव्हा नेवार्कच्या विमानतळावर त्यांना घ्यायला तुम्ही याच गाडीतून जाल. त्याआधी फोन झालेला असू द्या, म्हणजे बाबा पुढच्या सीटवर बसून डॅशबोर्डवरून हात फिरवतील तेव्हा तुम्हाला काही लपवावं लागणार नाही.

टायरच्या प्लॅनचं काय उत्तर आलं आणि मैल वाढवून मिळाले का, ते मला जरूर कळवा.